दोन कवाडांचं कव्हर

१

चैत्रात, बायांनो, मनकर्णानं एक नवस बोलला होता. घाईत बोलला होता. घाईत बोललेला नवस म्हणजे अंधारात मारलेली गाठ. मारतो आपणच, पण सोडवायला गेलं की बोटांना सापडत नाही.

तिचा नवरा श्रीमंत मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला होता. सोनईत त्याचा लाऊडस्पीकरचा धंदा. लग्न असो, बारसं असो, श्रीमंतचे दोन भोंगे आणि रेकॉर्डची पेटी आल्याशिवाय मांडवाला मांडवपण यायचं नाही. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणणारा त्याचा आवाज गावाला पाठ होता. तो आवाज एकवीस दिवस गप्प राहिला. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी नाडी धरली, मनकर्णाकडं पाहिलं आणि बॅग बंद केली. तशी ती उठली, देवळीतल्या देवांपुढं पदर पसरून म्हणाली,

"आई लक्ष्म्यांनो, माझा माणूस उठू द्या. या भादव्यात मी माझ्या घरात तुम्हा दोघींना उभं करीन. आणि जाताना माझ्या घरात जे सगळ्यात देखणं असंल, ते तुमच्यासंगं वाटंला लावीन."

घरातलं देखणं म्हणजे तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं एकच वस्तू होती, लग्नातला मोरपंखी शालू. तो द्यायला तिची ना नव्हती.

श्रीमंत उठला. तिसऱ्या दिवशी पेज मागितली, पाचव्या दिवशी बायकोची थट्टा केली, आणि जेठात सायकलला भोंगा बांधून गावभर फिरून आला. मनकर्णानं देवळीपुढं साखर ठेवली. भादवा अजून लांब होता.

२

त्यांच्या पेटीतल्या बहुतेक तबकड्या जुन्या, जाड, खाकी पाकिटातल्या. पाकिटाला मधोमध गोल भोक, त्यातून तबकडीच्या पोटावरची चिठ्ठी दिसायची. वाण्याच्या पुडीत आणि त्या पाकिटात फरक एवढाच की पुडीत साखर असते. फाटलं की मनकर्णा खळ शिजवून चिकटवायची. कुठलं गाणं कुठल्या पाकिटात, हे ती कोपऱ्याच्या चिरेवरून सांगायची.

मग चित्रांची कव्हरं निघाली, आणि मनकर्णाला एक नवंच वेड लागलं. गाणं तिला एकदा ऐकलं की पुरायचं. कव्हर मात्र ती शंभरदा बघायची. चकचकीत कागद, त्यावर बोट फिरवलं की चिरचिर आवाज, शाईचा नवाकोरा वास. दुपारी कामं आटोपली की पेटीतली चार-पाच कव्हरं ती भिंतीला लावून मांडायची आणि लग्नात आहेर बघावा तशी बघत बसायची.

दुष्काळाचं साल. श्रावण कोरडा गेला. भादवा लागला तसा एक दिवस श्रीमंत नगरहून एसटीनं आला, पेपरात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून.

"वळख."

"शेव-चिवडा."

"खायचंच दिसतं तुला! अगं, लाँगप्ले हाय. लक्ष्म्यांची गाणी. एका बाजूला त्या येतात ती, दुसऱ्या बाजूला जातात ती. राधाकृष्ण शेठनं माझ्यासाठी मागं ठेवली हुती."

तिनं पेपर सोडला.

हातभर लांब-रुंद ते कव्हर म्हणजे एक बंद दरवाजा होता. सागवानी दोन कवाडं, त्यांवर पितळी फुलं, वर आंब्याचं तोरण, मधोमध कोयंड्यात अडकवलेली कडी. छापणाऱ्यानं काय किमया केली होती कोण जाणे, कडीवरून बोट फिरवलं तर बोटाला खरोखर उंचवटा लागायचा. आणि कव्हर पुस्तकासारखं मधून उघडायचं. एक पान डावीकडं, एक उजवीकडं. कवाडं उघडली की आत दोघी! डावीकडं थोरली, हिरव्या साडीत. उजवीकडं धाकटी, लाल साडीत. दोघींच्या हातात पूजेची ताटं, नाकात नथ, आणि दोघी सरळ तुमच्याकडं बघताहेत. धाकटीच्या मागच्या बाजूला खिसा, त्या खिशात तबकडी.

मनकर्णानं कव्हर मिटलं. उघडलं. परत मिटलं. परत उघडलं.

"कवाडं झिजतील," श्रीमंत म्हणाला.

"अहो, कुणाच्या डोक्यात आलं असंल हे? दार! दार उघडायचं आन् लक्ष्म्या!" ती लहान पोरीसारखी नाचायचीच बाकी राहिली. दोघींच्या मागं चित्रात काय होतं, ते तिनं त्या दिवशी पाहिलंच नाही. चेहऱ्यांवरून नजर हलली तर ना!

३

घराण्याचे मुखवटे थोरल्या जावेकडं, कर्जतला. मनकर्णानं आवाहनाच्या सकाळीच ठरवून टाकलं. मुखवटे हेच.

शेजारची छबूबाई मदतीला आली होती. साठीची, जिभेची तिखट, मनाची ओली. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "पुठ्ठ्याच्या लक्ष्म्या! उद्या पेपरातल्या फोटूला निवद दाखवशील!"

"छबूमावशी, चेहरे तर बघा. जिवंत हायेत."

"म्हून तर म्हनते," छबूबाई म्हणाली. पण सूप-थाळी घ्यायला तीच पुढं झाली.

तुळशीपासून देवळीपर्यंत मनकर्णानं कुंकवाची पावलं काढली. मिटलेलं कव्हर दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पावलांवरून आत आली. छबूबाई पुढं उलट्या पावलांनी थाळी वाजवत, जसं विचारायचं तसं विचारत होती.

"कोन आली?"

"लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी."

घर तीन खोल्यांचं. देवीला सगळं दाखवायचं असतं, लेकीला माहेर दाखवावं तसं.

"इथं काय हाय?"

"इथं चूल हाय, भरली भांडी हायेत."

"इथं काय हाय?"

"इथं धान्याची कणगी हाय." कणगी अर्धी रिकामी होती. छबूबाई खोकली, पण पुढं गेली.

माजघरात खाटेवर श्रीमंत वायरीचा गुंता सोडवत बसला होता.

"आन् इथं काय हाय?"

मनकर्णाला भरून आलं. चैत्रातल्या त्या बाविसाव्या दिवसापासून जे मनात साठलं होतं ते सगळं एकदम ओठांवर आलं. "इथं माझं सगळं धन हाय. बघून घ्या."

श्रीमंत हसला. कव्हरापुढं हात जोडून म्हणाला, "बघा, लक्ष्मीबाई! तापानं लई हलका झालोय. उचलून न्याल."

"मेल्या, सनाच्या दिशी काय बोलतूस!" छबूबाईनं थाळीवर पळी आपटली. तिघंही हसली.

दोन डेऱ्यांना साड्या नेसवल्या होत्या. मनकर्णानं त्यांच्या खांद्यांवर कव्हर उघडून उभं केलं. कवाडं उघडली. दोघी घरात आल्या.

४

ते तीन दिवस! मनकर्णाच्या जन्मात असे दिवस आले नव्हते. पुठ्ठ्याच्या लक्ष्म्यांची बातमी गावभर झाली. बायका नावं ठेवायला आल्या आणि ओटी भरून गेल्या. कडीवरून बोट फिरवायला प्रत्येकीला हवं होतं. श्रीमंतनं येण्याची बाजू इतक्यांदा लावली की छबूबाईसुद्धा चाल गुणगुणू लागली. जाण्याची बाजू मात्र मनकर्णानं एकदाही लावू दिली नाही. "जायच्या दिशी लावू," म्हणायची.

जायचा दिवस आला. आणि मनकर्णा शालूची घडी हातात घेऊन ट्रंकेपुढं बसून राहिली.

घरातलं सगळ्यात देखणं आता शालू नव्हता. हे तिला माहीत होतं, आणि ज्यांना वचन दिलं त्यांनाही माहीत असणार.

ती कव्हराकडं बघायची, ज्या विहिरीत ते सोडायचं त्या विहिरीकडं बघायची. विहिरीच्या तळाला दोन हात गढूळ पाणी. त्यात हे? या कवाडांचा लगदा व्हायचा?

शेवटी तिनं पेटीतलं एक खाकी पाकीट काढलं. रिकामं, जुनं, तिनंच चिकटवलेलं. जातीचं तेही कव्हरच, असं मनाला सांगितलं. त्यालाच कुंकू लावलं, त्यालाच दहीभात दाखवला, त्याच्यावरच अक्षता टाकल्या, आणि "पुढच्या वर्षी या" म्हणून ते विहिरीत सोडलं. पाकीट वाळक्या पानासारखं गिरक्या घेत खाली गेलं आणि पाण्यावर उताणं पसरलं. मधल्या गोल भोकातून काळं पाणी वर बघत राहिलं.

"नवसाचं ते हेच का?" श्रीमंतनं विचारलं.

"मग तुमची नवी रेकॉर्ड काय उघडी ठेवू? देवाला कळतंय सगळं."

घरी येऊन तिनं खरं कव्हर नुसतं मिटलं. कुंकू नाही, अक्षता नाही. देवळीत ठेवून दिलं, आणि मन इतकं हलकं झालं की रात्रीच्या भाकरीसुद्धा टम्म फुगल्या.

५

दुपारचा खेळ पुन्हा सुरू झाला. फक्त आता भिंतीला चार-पाच कव्हरं लागत नसत. एकच.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिला थोरलीच्या मागं भिंतीत एक कोनाडा दिसला, त्यात पणती. अगं बाई! इतके दिवस कसा दिसला नाही? चांगल्या चित्राचं असंच असतं, एका बैठकीत सगळं हाती लागत नाही. तिला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी कोनाड्याखाली खुंटी दिसली. तिसऱ्या दिवशी खुंटीला उलथनं. उलथन्याची दांडी मधेच वाकलेली.

मनकर्णा हसतच स्वयंपाकघरात पळाली. तिचंही उलथनं वाकलेलं, गेल्या उन्हाळ्यात पाट्यावर पडून. तेही खुंटीलाच.

"छबूमावशी, चित्र काढणारा माझ्याच घरी जेवून गेला वाटतं!" तिनं कुंपणावरून ओरडून सांगितलं.

"मग मीठ कमी पडलं असंल, म्हून नाव न्हाई लिवलं," छबूबाई पलीकडून म्हणाली.

आणखी दोन दिवसांनी भिंतीवर धुराचा डाग दिसला, उंटाच्या मानेसारखा. मनकर्णानं चुलीवरच्या भिंतीकडं पाहिलंच नाही. पाहायची गरज नव्हती. तो डाग ती रोज पुसायची आणि तो रोज तिथंच असायचा.

आता मात्र ती हसली नाही. आनंद होताच, पण त्याच्या बुडाशी काहीतरी गार लागलं, रांजणात हात घालावा तसं. तिनं स्वतःला समजावलं. खुंट्या सगळ्यांच्या घरात असतात. चुली सगळ्यांच्या भिंती काळ्या करतात. चित्रकार काय, एक घर बघतो आणि तेच काढतो.

कव्हर मिटताना तिचं लक्ष दरवाजाकडं गेलं. कडी कोयंड्यात नव्हती. खाली लोंबत होती.

पहिल्यापासूनच अशी होती का? तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला कडी लागली, कोयंड्यात नीट अडकवलेली. डोळे उघडले. लोंबत होती.

६

त्याच आठवड्यात श्रीमंत दुपारचा झोपू लागला. ताप नाही, खोकला नाही. "अंग जड झालंय नुसतं. कुनी पायावर बसल्यासारखं," म्हणायचा. एका बारशाला भोंगे लावून आला आणि "हॅलो हॅलो" न म्हणताच परतला. लोकांनी चेष्टा केली. तोही हसला, पण खाटेवर पडून.

मनकर्णा ओट्यावर बसली की आत माजघरात बांगड्या वाजायच्या. एकदाच, हलक्या, बाई पदर सावरते तशा. ती आत जायची. श्रीमंत झोपलेला. देवळीत कव्हर. तिचे स्वतःचे हात? हो, तिच्याच बांगड्या असतील. आपल्याच हाताचा आवाज माणूस विसरतो कधी कधी.

त्या दुपारी तिनं कव्हर उघडलं आणि आधी धाकटीचा चेहराच चुकल्यासारखा वाटला. मग कळलं. कानातली कुडी दिसत होती. आजवर धाकटीचे दोन्ही डोळे दिसायचे. आज एकच दिसत होता.

धाकटी आत बघत होती. तिचं ताट खाली जमिनीवर ठेवलेलं. दोन्ही हात मोकळे.

आणि जिकडं ती बघत होती तिथं, पार मागं, जिथं कोपरा काळोखा होत जातो तिथं, एक खाट होती. खाटेवर सोलापुरी चादर, तोंडावर ओढलेली. फक्त दोन पावलं उघडी. चादरीच्या कोपऱ्याला मनकर्णाच्या हातचा रफू.

कव्हर तिच्या हातून पडलं नाही. ते तिनं फार जपून मिटलं, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार ओढावं तसं.

छबूबाईला तिनं बोलावून आणलं. छबूबाईनं कव्हर नाकापाशी धरलं, लांब धरलं, उन्हात नेलं.

"मला तर मागं नुसतं पिवळंच दिसतंय गं. पर माझ्या डोळ्याचं काय धरतीस, मोतीबिंदू हाय. काल मी कुत्र्याला पाव्हना म्हून हाक मारली."

"आन् धाकटी? कुठं बघती?"

छबूबाईनं पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कव्हर मनकर्णाच्या हातात देताना तिनं पदरानं आपले हात पुसले.

"तू त्यांना वाटंला लावलंस नव्हं?" तिनं विचारलं.

मनकर्णानं कव्हर पदराखाली घेतलं.

७

रात्रभर तिनं एकच विचार केला, आणि तो शहाणपणाचा होता. छापाचं काम आहे. एका ठशातून शेकडो निघतात. दुसरं कव्हर बघायचं. तेही असंच असलं, तर भीती खोटी.

सकाळी तिनं कव्हर लाल नाड्यानं बांधलं, ट्रंकेत शालूखाली ठेवलं, "डोळे दाखवून येते" असं श्रीमंतला सांगितलं आणि घोडेगावमार्गे नगरला जाणारी पहिली गाडी धरली.

राधाकृष्ण शेठचं दुकान कापडबाजाराच्या कडेला. दारापासून छतापर्यंत कव्हरंच कव्हरं! एरवी मनकर्णाला इथं वेड लागलं असतं. आज सगळी दारं वाटत होती.

"या वहिनी! श्रीमंत कसा आहे?"

"बरे हायेत. शेठ, ती लक्ष्म्यांची लाँगप्ले... एकदा बघायची हुती."

"एकच उरलीय. घ्या की." त्यांनी फळीवरून काढून समोर ठेवली. "गिऱ्हाईक गाणं विचारतच नाही, आधी दार उघडून बघतं. मीच दिवसातून दोनदा उघडतो."

कडी कोयंड्यात होती.

मनकर्णानं कवाडं उघडली. थोरली, धाकटी. दोघींच्या हातात ताटं. दोघी सरळ समोर बघताहेत, चारही डोळे. आणि त्यांच्या मागं काहीच नव्हतं. ना कोनाडा, ना खुंटी, ना खाट. नुसता पिवळा रंग, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"यात मागं घर हाय ना, शेठ?"

"घर कुठलं? हळदीचं पोतं ओतलंय नुसतं. तुमच्यात काही छपाईचा दोष आहे का? आणा, बदलून देतो. किंवा हेच घेऊन जा आत्ता."

हेच घेऊन जावं, विहिरीत हे सोडावं, आणि ते... क्षणभर, बायांनो, तिच्या मनात तेही आलं. कारण ते घरचं कव्हर अजूनही तिला या जगातलं सगळ्यात सुंदर वाटत होतं.

मग तिला खाटेवरची उघडी पावलं आठवली.

"नको," ती म्हणाली. "देयाचं ते माझंच देयाला पाहिजे."

आणि ती अशी पळाली की शेठ तांब्या घेऊन उभेच राहिले.

८

घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. उन्हानं गल्ली पांढरी पडलेली. घराची दोन्ही कवाडं लोटलेली, आणि कडी खाली लोंबत होती.

आतून आवाज येत होता. खर्र... टक. खर्र... टक. रेकॉर्ड संपून सुई शेवटच्या रेघेत फिरत होती. कुणीतरी येण्याची बाजू लावली होती.

तिनं कवाड ढकललं. माजघरात श्रीमंत खाटेवर पडलेला. सोलापुरी चादर तोंडावर ओढलेली. दोन पावलं उघडी.

"अहो."

खर्र... टक.

चादरीवरून तिनं नाकापाशी हात धरला. श्वास होता. पण एका श्वासानंतर दुसरा यायला सुई चारदा फिरत होती. मग पाचदा.

देवळीत कव्हर उघडं उभं होतं. लाल नाडा खाली पडलेला. मनकर्णानं तिकडं पाहिलं नाही. पाहिलं तर आपण बघतच राहू, हे तिला कळलं होतं. डोळे जमिनीवर ठेवून तिनं सकाळच्या भातात दही कालवलं, विडा लावला, करंडा घेतला. तबकडी उलटली. सुई ठेवली. जाण्याची गाणी त्या घरात पहिल्यांदा वाजली.

ती देवळीपुढं बसली. शब्द चुकले नाहीत.

"चुकलं माझं. खाकी दिलं, देखणं ठेवलं. माझं धन तुम्हाला दाखवलं ते बघायला. न्यायला न्हाई. न्यायचं ते हे. हे घेऊन जा."

मग तिनं डोळे गच्च मिटले, आणि कुंकवाचं बोट पुढं केलं.

थोरलीचं कपाळ तिला लगेच सापडलं. कागद. गार, गुळगुळीत, बोटाखाली चिरचिरणारा. ती हुंदका देऊन हसली. कागद आहे! कागदच आहे!

तिनं हात उजवीकडं नेला. धाकटीसाठी.

कागद लागला नाही. हात थोडा पुढं नेला. लागला नाही. आणखी पुढं. बोटं गेली, तळवा गेला, मनगट गेलं. खिसा, तिनं मनात म्हटलं, तबकडी काढलीय ना, रिकामा खिसा आहे, हात खिशात गेलाय. पण आत ऊब होती. चूल पेटवलेल्या घराची असते तशी. आणि तिच्या बांगड्या कशावर तरी किणकिणल्या. कशावर, ते बाईमाणसाला न बघता कळतं. बांगड्यांवर.

तिचा हात थांबला नाही. श्रीमंतची खाट इथून चार पावलांवर होती, आणि बोटावरचं कुंकू वाळत चाललं होतं. तिनं ते पुढं नेलं, आणि बोटाला कपाळ लागलं. मऊ. घामानं ओलं.

तिनं कुंकू टेकवलं.

आणि मग, जशी आपल्यात रीत आहे, एकीनं लावलं की दुसरीनं लावायचं, तसं मिटल्या डोळ्यांपुढं काहीतरी आलं, आणि मनकर्णाच्या दोन भुवयांमध्ये एक बोट टेकलं.

९

कव्हर तिनं चाचपडतच मिटलं. नाडा बांधला. छबूबाई दारातच उभी होती. दोघी विहिरीवर गेल्या. खाली खाकी पाकीट भिजून काठाला चिकटलेलं होतं. मनकर्णानं कव्हर सोडलं. ते गिरक्या घेत गेलं नाही, तरंगलं नाही. भरल्या घागरीसारखं सरळ गेलं आणि बुडालं.

"कपाळावर कोनी लावलं गं एवढं मोठं?" छबूबाईनं विचारलं.

मनकर्णानं हात लावून पाहिलं. ओलं होतं. तिचंच बोट चुकून लागलं असेल. तसंच असेल.

घरी आल्या तर श्रीमंत खाटेवर उठून बसलेला, केस विस्कटलेले, भुकेनं कावलेला. "भाकर हाय का?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज! भोंग्याशिवाय चार घरं ऐकू जाईल असा. मनकर्णा तिथंच खाली बसली आणि रडली, आणि रडता रडता हसली.

"अगं, काय झालं? रेकॉर्ड मीच लावली हुती, ट्रंक उघडून. म्हटलं, करमत न्हाई." मग तो थांबला. तिच्याकडं, मग दाराकडं बघत म्हणाला, "पर तू इतका वेळ माझे पाय धरून बसली हुतीस. मग आता बाहेरून कशी आलीस?"

छबूबाईनं चूल पेटवायला घेतली. मनकर्णानं त्याला भाकर वाढली. तो भुकेला होता, विचारलेलं विसरला.

ती लाँगप्ले अजून त्यांच्या पेटीत आहे, खाकी पाकिटात, मनकर्णानं खळीनं चिकटवलेल्या. श्रीमंतचे भोंगे अजून वाजतात. लक्ष्म्या दरसाल येतात, कर्जतहून आणलेल्या मुखवट्यांच्या, आणि तिसऱ्या दिवशी कुंकू लावून घेऊन जातात.

तर बायांनो, मनकर्णानं शेवटी केलं तसं तुम्हीही करा. नवस बोलाल तर जे बोलाल तेच द्या. देखण्याच्या जागी खाकी देऊ नका. घर दाखवाल तेव्हा दाखवायचं तेवढंच दाखवा. आणि जायच्या दिवशी दोघींना कुंकू लावा, एकीला लावून उठू नका. थोरलीला डोळे उघडे ठेवून लावा, काही होत नाही. धाकटीला लावताना मात्र मिटा. हात कितीही लांब गेला, तरी मिटलेलेच ठेवा.